जुनी ट्यूब, मेणबत्ती आणि फूटपट्टी : सायकलच्या घरगुती सुधारणांचा आढावा

दुकानातून आणलेली सायकल आहे तशी फार दिवस राहत नाही. सीटवर कव्हर चढते, कॅरिअरला रबरी पट्टा बांधला जातो, मागच्या मडगार्डला जुन्या रबराचा फ्लॅप लागतो. दूधवाला कॅन टांगण्यासाठी कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकडे बसवून घेतो. धार लावणारा सायकल स्टँडवर चढवतो आणि मागच्या चाकावरून पट्टा घेऊन सायकलवरच बसवलेला गोल दगड फिरवतो. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांत त्याच कॅरिअरवर पाण्याच्या घागरी दिसतात. यातले काहीच कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसते. सायकलवर लिहिणारे बहुतेक जण गिअर, वजन आणि किंमत यांविषयी लिहितात. या बदलांकडे फारसे कुणी वळत नाही. मला ते महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे रोज रस्त्यावर दिसणारी सायकल बहुतांशी कामाची सायकल आहे, आणि कामाची सायकल घरच्या सामानानेच टिकते.

इथे वेल्डिंगचा किंवा लेथवरच्या कामाचा विचार नाही. जुनी ट्यूब, मेणबत्ती, तेल, पुठ्ठा, नेलपॉलिश, दोरा, प्लास्टिकचा कॅन, शाळेची पट्टी अशा घरात सापडणाऱ्या वस्तूंनी सायकलच्या भागांत काय सुधारता येते आणि काय सुधारायला जाऊ नये, एवढाच प्रश्न आहे. युक्त्यांची यादी कुणीही करील, पण यादीत निरुपद्रवी युक्ती आणि जिवावर बेतणारी युक्ती शेजारीशेजारी बसतात. म्हणून प्रत्येक युक्तीला मी एकच प्रश्न विचारतो : चालत्या सायकलवर ही वस्तू अचानक सुटली, तुटली किंवा सरकली, तर काय होईल? थांबून पुन्हा बांधावी लागेल, एवढेच होणार असेल तर खुशाल करून पाहावे. माणूस पडणार असेल, तर त्या जागी घरची वस्तू लावू नये.

या उद्योगाला परंपरा मोठी आहे. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर. १८८७ मध्ये त्यांनी आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी पातळ रबराची नळी केली, ती लाकडी चकतीभोवती कापडाने गुंडाळून खिळ्यांनी पक्की केली आणि तिच्यात हवा भरली. मग ही चकती आणि तिचाकीचे भरीव रबराचे चाक, दोन्ही अंगणात घरंगळत सोडून पाहिली. हवेची चकती कितीतरी लांब गेली. १८८८ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हीच कल्पना चाळीसेक वर्षे आधी पेटंट केली होती, हे नंतर उजेडात आले; पण सायकलला हवेचे टायर मिळाले ते डनलॉप यांच्या अंगणातून.

दुसरे उदाहरण शंभरेक वर्षांनंतरचे. १७ जुलै १९९३ रोजी ग्रेम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने नॉर्वेतल्या हामार इथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले आणि फ्रान्चेस्को मोझेर यांचा १९८४ पासून टिकलेला विक्रम मोडला. ओब्रीने ती सायकल स्वतः बांधली होती आणि तिच्या दोन्ही पायडलना जोडणाऱ्या मधल्या अॅक्सलला कपडे धुण्याच्या यंत्रातली बेअरिंग बसवली होती. कपडे पिळताना यंत्राचे पिंप मिनिटाला शेकडो फेरे घेते. पायडलचे फेरे शंभराच्या आसपास. हिशेब अगदी सरळ होता. सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमन यांनी तो विक्रम मोडला, तरी घरच्या यंत्रातली बेअरिंग जगातल्या सर्वांत कठीण तासाला पुरली, हे खरेच.

तिसरे उदाहरण युद्धातले. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी सुमारे २० हजार सायकलींवरून धान्य आणि दारूगोळा डोंगरांतून पोचवला. या सायकली चालवायच्या नव्हत्या, ढकलायच्या होत्या. हँडलला बांबू बांधून ते लांब केले, सीटच्या नळीत दुसरा बांबू उभा खोवला आणि टायरच्या आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या घातल्या. एकेका सायकलवर दोनशे किलोंपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त ओझे गेले. तिथे वेग पायी चालण्याचा होता, म्हणून चिंध्या चालल्या. तीच गोष्ट उतारावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला चालणार नाही. युक्ती कोणत्या वेगासाठी आणि कोणत्या कामासाठी आहे, हे आधी पाहायला हवे.

टायरच्या आत

घरगुती सुधारणांचे सर्वांत सुपीक शेत म्हणजे टायर आणि ट्यूब. आपल्याकडे पंक्चरचे कारण खिळ्याइतकेच काटे असतात : बाभूळ, बोर, वेडी बाभूळ आणि माळरानावरचा सराटा. सराट्याची वेल जमिनीलगत पसरते आणि तिचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. हीच वनस्पती अमेरिकेत पोचली आणि तिथल्या कोरड्या राज्यांतल्या सायकलवाल्यांनाही तिने आपल्याइतकेच छळले आहे.

पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावले जाते, पण काटा अनेकदा टायरमध्येच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा जाते. बोटांनी चाचपण्यापेक्षा कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवावा. बारीक टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात आणि बोट रक्ताळत नाही. छिद्र ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर दोष काट्याचा नाही. स्पोकच्या निपलचे डोके वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. अशा वेळी दवाखान्यात मिळते ती पांढरी कापडी चिकटपट्टी रिमवर दोन पदरी गुंडाळली की काम होते. वायरमनची काळी पट्टी इथे वापरू नये. उन्हात तिचा गोंद ओघळतो, पट्टी सरकते आणि निपल पुन्हा उघडे पडतात.

जुनी ट्यूब लांबीत कापून नव्या ट्यूबवर अस्तरासारखी घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचा उपयोग किती? सराट्याच्या आखूड काट्याला ती बऱ्याचदा अडवते. बाभळीच्या लांब काट्यापुढे तिचे काही चालत नाही. चाक मात्र जड होते आणि अस्तराची कड ट्यूबला घासू लागते. ती घालायचीच असेल तर कडा काचपेपरने पातळ कराव्यात, ट्यूबला टाल्कम पावडर चोळावी आणि अस्तराची टोके एकमेकांवर नीट बसली आहेत ना ते पाहावे. रोज शेताच्या वाटेने जाणाऱ्याला हा खटाटोप परवडतो. शहरातल्या डांबरी रस्त्यावर तो वाया जातो.

टायरच फाटले तर? सायकलवाले आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, त्याला गेटर म्हणतात. वाटेत गेटर नसेल तेव्हा जगभरचे सायकलस्वार मिळेल ते वापरतात. घडी घातलेली नोट चालते, कारण नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा आणि चिवट असतो. त्याहून चांगली टूथपेस्टची रिकामी ट्यूब. ती कापून उघडावी, धुवावी आणि कोपरे गोल करून टायर व ट्यूबच्या मध्ये ठेवावी. ५० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण साडेतीन किलोंचा दाब. बोटाच्या पेराएवढी फट पडली तरी ट्यूब त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर येते. टूथपेस्टच्या ट्यूबचे थर हा दाब घरी पोचेपर्यंत सोसतात. पण हे घरी पोचेपर्यंतच. पुढच्या चाकाचे टायर फाटले असेल तर दुसऱ्या दिवशी नवे टायर घालावे, त्यात तडजोड नको.

जुन्या ट्यूबचे बाकीचे उपयोग मात्र निर्धास्त करण्यासारखे आहेत. आडवे काप घेतले की न तुटणाऱ्या रबरी रिंगा मिळतात. पंप नळीला बांधून ठेवायला, दिव्याच्या पकडीखाली घालायला, मागच्या नळीवर चेन आपटून रंग उडू नये म्हणून गुंडाळायला त्या उपयोगी पडतात. सीटची नळी फ्रेममध्ये शिरते त्या जोडावर एक रुंद रिंग चढवली की पावसाचे पाणी आत झिरपत नाही. आत साचलेल्या पाण्याने फ्रेम आतून गंजते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. उतारावर सायकल उभी करायची तर ब्रेकचा दांडा दाबून त्यावर रिंग चढवावी, सायकल घरंगळत नाही. निघताना ती काढायची, एवढे लक्षात ठेवावे.

तेल, मेण आणि पट्टी

‘चेनला घरातले तेल घातले तर काय होते?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. स्वयंपाकाची तेले एकसारखी नसतात. जवस आणि करडई यांची तेले हवेतला प्राणवायू घेऊन सुकतात आणि चिवट पापुद्रा धरतात. रंगांत ती याच गुणासाठी वापरतात. सूर्यफूल आणि सोयाबीन थोडी कमी, पण त्याच वाटेने जातात. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, तरी धूळ धरून काळा मेणचट राप करते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणजे डिसेंबरातल्या पुण्या-नाशकाच्या सकाळी चेनमध्ये ते घट्ट झालेले असते. एरंडेल न सुकणारे आणि दाट आहे, एके काळी इंजिनांतही ते वापरत. पण ते चेनच्या बारीक सांध्यांत लवकर शिरत नाही. निष्कर्ष हा की स्वयंपाकघरातले एकही तेल चेनसाठी नाही. गॅरेजमधून आणलेले वापरलेले इंजिन ऑइलही नको. त्यात धातूचा कीस आणि अपायकारक घटक असतात, आणि ते हाताला, कपड्यांना, अखेर मातीला लागते.

शिलाई यंत्राचे तेल चांगले. ते स्वच्छ, पातळ आणि आत शिरणारे असते, मात्र लवकर उडते. जुन्या टूथब्रशने चेन घासावी, कोरडी करावी, प्रत्येक सांध्यावर एक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवावे आणि मग फडक्याने वरचे सगळे तेल पुसून काढावे. या शेवटच्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात. काम करते ते आतल्या पिनेवरचे तेल; बाहेर चमकते ते फक्त धूळ गोळा करते.

जवसाच्या तेलाचा हाच सुकण्याचा दोष एका ठिकाणी गुण ठरतो. जुने चाक बांधणारे कारागीर स्पोकच्या आट्यांना ते लावत. निपल फिरवताना वंगणाचे काम होते, आणि चाकाचा आउट काढून झाल्यावर काही दिवसांत तेल सुकून निपल जागच्या जागी धरून ठेवते. घरी चाक बांधणारा विरळा, पण एखादी तार बदलताना वाटीभर जवसाच्या तेलातला एक थेंब पुरतो.

मेणाची गोष्ट वेगळी. चेन पूर्ण धुऊन, तेलाचा अंशही न ठेवता, वितळलेल्या मेणात बुडवायची, बाहेर काढून टांगायची आणि थंड झाल्यावर हाताने सांधे मोकळे करायचे. मेण आत गोठते, बाहेरून चेन कोरडी राहते, धूळ चिकटत नाही आणि पँटला काळे डाग पडत नाहीत. साध्या मेणबत्त्यांचे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे ते उकळत्या पाण्यात ठेवलेल्या डब्यात सहज पातळ होते. थेट गॅसवर मेण कधीही ठेवू नये. ते तापत जाते, त्याची वाफ पेट घेते, आणि त्यावर पाणी ओतले तर भडका उडतो. घाटमाथ्यावरच्या नोव्हेंबर ते मे या धुळीच्या महिन्यांत मेणाइतके स्वच्छ वंगण नाही. पावसाळ्यात ते टिकत नाही. दोन भिजण्यांत चेन कुरकुरू लागते. म्हणून जूनपासून तेल, दिवाळीनंतर मेण. कोकणात आणि गोव्यात मात्र वर्षभर तेलच बरे, तिथली हवाच लोखंड खाते.

या सगळ्याआधी एक तपासणी करावी, आणि तिला लागते शाळेची बारा इंचांची पट्टी, शक्यतो स्टीलची. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असते. साध्या काळ्या सायकलीला आणि गिअरच्या महागड्या सायकलीला हे माप एकच. पट्टीची शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा, चेन ताणलेली ठेवा आणि चोविसावे अंतर कुठे संपते ते पाहा. बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य आला तर चेन नव्यासारखी आहे. एक सोळांश इंच पुढे गेली तर गिअरच्या सायकलीची चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेली तर कोणत्याही सायकलीची चेन बदलावी. तोवर तिने फ्रीव्हीलचे दातेही खायला सुरुवात केलेली असते. चेन वेळेवर बदलली तर फ्रीव्हील आणि पुढचे दातेचाक वाचते, नाहीतर तिन्हींचा खर्च पडतो. सायकलची निगा राखण्याच्या घरगुती साधनांत या पट्टीला मी सर्वांत वरचे स्थान देईन.

बसणे आणि धरणे

सीट टोचते म्हणून लोक तिच्यावर जाड स्पंजचे कव्हर चढवतात. दोन-तीन किलोमीटरांच्या बाजारहाटाला ते ठीक. लांब अंतरावर उलटे होते. बसण्याची दोन हाडे स्पंजमध्ये रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येऊन मुंग्या येतात. सीटची रुंदी त्या दोन हाडांना आधार देणारी हवी, आणि ती मोजायला खोक्याचा नागमोडी थराचा पुठ्ठा पुरतो. कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसा, पाय जरा उचला. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. सीटचा मागचा भाग त्याहून थोडा रुंद हवा. सायकलच्या दुकानात सीट निवडताना हा आकडा खिशात असावा.

सीटची उंची ठरवायला तर काहीच लागत नाही. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा, म्हणजे पायाचा पंजा ठेवून चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त माणसे सीट फार खाली ठेवून चालवतात, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे वाटते. त्याची किंमत गुडघे मोजतात. घरात दोघे-तिघे एकच सायकल वापरत असतील तर सीटच्या नळीवर प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशची खूण करावी. नळीवर कंपनीने कोरलेली मर्यादेची रेघ मात्र कधीही फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

हँडलच्या मुठी घामाने फिरू लागल्या तर त्या काढून आत सॅनिटायझरचे चार थेंब सोडावेत. मूठ सहज सरकते, आणि स्पिरिट उडून गेले की घट्ट बसते. साबणाचे पाणी वापरले तर ओल आत राहते, मूठ फिरत राहते आणि हँडल गंजते. मुठींऐवजी सुती पट्टी गुंडाळून तिच्यावर लाखेचे पॉलिश देण्याची युरोपातली जुनी पद्धत आपल्याला परकी वाटायला नको. जगातल्या लाखेचा फार मोठा हिस्सा भारतातून जातो आणि फर्निचरवाल्याकडे ती बाटलीत मिळते. दोन-तीन हात दिले की पट्टी पावसाला दाद देत नाही आणि पकड खरखरीत, छान राहते. हँडलच्या नळीची टोके उघडी ठेवू नयेत. मूल त्या टोकावर पडले तर पोटाला गंभीर इजा होते. बाटलीचे बूच तासून घट्ट ठोकावे. युरोपात शँपेनची बुचे याच कामी येत.

पाऊस आणि अंधार

पावसाळ्यासाठी सर्वांत उपयोगाचा बदल पुढच्या मडगार्डच्या खाली लोंबणारा फ्लॅप. मागचा फ्लॅप मागून येणाऱ्याला वाचवतो. पुढचा फ्लॅप आपले पाय, चेन आणि पायडलचे छर्रे वाचवतो, कारण पुढचे चाक उडवते तो चिखल थेट तिथेच जातो. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचे प्लास्टिक अनेक जण वापरतात. मागे ते चालेल. पुढे मात्र मऊ रबरच लावावे, जुन्या ट्यूबचे किंवा टाकाऊ पायपुसणीचे. कडक प्लास्टिक गतिरोधकाला अडकले तर मडगार्ड चाकात ढकलले जाते.

रंग उडालेल्या जागी नेलपॉलिशचे दोन हात देणे ही उत्तम युक्ती आहे, पण आधी गंज काचपेपरने पूर्ण काढावा, नाहीतर तो आतल्या आत पसरत राहतो. क्रोमच्या रिमवरचा आणि हँडलवरचा तांबूस गंज चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने, पाण्यात बुडवून घासला तर निघतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. नंतर पुसून तेलाचे बोट फिरवावे, पण ब्रेक जिथे घासतो तिथे अजिबात नाही.

अंधारासाठी चाकात जुन्या सीडी अडकवलेल्या मी पुष्कळ पाहतो. दिवसा त्या चकाकतात, रात्री त्यांचा भरवसा नाही. सीडी आरशासारखी आहे. गाडीचा प्रकाश तिच्यावरून भलतीकडे जातो. परावर्तक पट्टीची रचना निराळी असते. प्रकाश जिकडून आला तिकडेच ती तो परत पाठवते, म्हणून चालकाच्या डोळ्यांना ती दिसते. इथे घरगुती पर्याय नाही, स्टेशनरी किंवा हार्डवेअरच्या दुकानातून हातभर पट्टी आणावी. लावण्याची जागा आपण निवडायची : मागच्या मडगार्डवर एक तुकडा आणि दोन्ही पायडलच्या मागच्या कडांना एकेक. वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की पुढे सायकलवरचा माणूस आहे, हे चालकाला क्षणात कळते.

जिथे घरची वस्तू नको

ब्रेक, हँडलचा सांधा, पुढचा चिमटा आणि पुढचे चाक. या चार जागा मी सोडून द्यायला सांगतो. ब्रेकच्या रबराऐवजी चपलेचा तुकडा घालणारे लोक आहेत. चपलेचे रबर मऊ असते, तापले की झिजते, आणि ओल्या लोखंडी रिमवर तर खऱ्या ब्रेकच्या रबराचीही बहुतेक पकड जाते. तिथे चपलेने काय होणार? ब्रेकवर घरी करण्यासारखी कामे चारच. रबरात रुतलेली काच आणि वाळू सुईने काढावी. रिम स्पिरिटने पुसावी. आणि ब्रेक किंचाळत असेल तर नट सैल करून रबराच्या मागच्या टोकाखाली दुमडलेला जाड कागद ठेवावा, ब्रेक दाबून नट आवळावा आणि कागद काढून घ्यावा. रबराचे पुढचे टोक आधी टेकू लागते आणि आवाज थांबतो. ब्रेकच्या तारेचे टोक उलगडत असेल तर फेव्हिक्विकचा एक थेंब पुरतो.

शीतपेयाच्या कॅनचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि सैल पकडीत तो गुंडाळून भरण्याची युक्ती फार प्रचारात आहे. दिवा आणि घंटी यांच्यासाठी ती योग्य. हँडल जिथे आवळले जाते तिथे तो पत्रा नको. उभे राहून जोर लावताना हँडल फिरले तर सावरायला वेळ मिळत नाही.

पुढच्या चाकाबद्दल जास्तच काळजी हवी, कारण तिथला धोका दिसत नाही. हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी वळणावर झोका घेते आणि स्पोकमध्ये जाते. हँडलला अडकवलेल्या छत्रीचे टोकही तसेच. मागचे चाक अडकले तर सायकल घसरत थांबते. पुढचे चाक अडकले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. भाजीची प्लास्टिकची टोपली हँडलला बांधली की ओझ्याने तिचा तळ वाकतो आणि चाकाला टेकतो. ती टोपली मागच्या कॅरिअरवर बांधावी. तेलाचे चौकोनी कॅन वरून कापून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टांगले तर त्यांच्यासारख्या पाण्याला न जुमानणाऱ्या पिशव्या विकतही मिळणार नाहीत. मात्र ते पायडल मारताना टाचेला लागणार नाहीत इतके मागे हवेत, आणि खालूनही बांधलेले हवेत.

आणि एक चाक असे आहे जिथे घरच्या वस्तूने भर घालायलाच हवी. ते मागचे चाक, ओढणी आणि साडीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बायकांच्या सायकली आल्या, तेव्हा मागच्या मडगार्डला बारीक छिद्रे पाडून तिथून चाकाच्या मध्यापर्यंत रेशमी दोऱ्यांचे जाळे ओढलेले असे, घागरा चाकात जाऊ नये म्हणून. नेदरलँड्समध्ये अशी आच्छादने अजून सर्रास दिसतात आणि काही जणी ती घरी क्रोशाने विणतात. आपल्याकडे मुलींच्या काही सायकलींना ड्रेसगार्ड मिळतो, पुष्कळांना मिळत नाही. मिळाला तरी वर्षा-दोन वर्षांत तुटतो आणि कुणी परत बसवत नाही. मोटारसायकलला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आच्छादन सक्तीचे केले. हा नियम सायकलला लागू होत नाही.

हे जाळे घरी करता येते. कुंडी-बागेसाठी मिळते ती बारीक छिद्रांची प्लास्टिकची जाळी मडगार्डच्या तारांच्या आकाराने पंख्यासारखी कापावी आणि मडगार्डला, तारांना व खालच्या नळीला दोऱ्याने शिवावी. क्रोशाचे जाळे विणायचे तर सुती दोरा घ्यावा, नायलॉन नको. एकच लांब दोरा ओवत नेऊ नये. दर दोन बोटांवर वेगळी गाठ मारावी, म्हणजे एक गाठ सुटली तर सगळे जाळे चाकात जात नाही. चाक हाताने फिरवून, कुठे घासत नाही ना ते पाहावे. दोन्ही बाजूंना जाळी लावावी, चेनच्या बाजूला चेनकव्हर असले तरी. महिन्यातून एकदा गाठी तपासाव्यात.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी मुली ओढणी घेऊन शाळेला जातात. तुमच्या गल्लीतून किंवा वस्तीवरून अशी एखादी मुलगी सायकलवर जात असेल, तर तिच्या मागच्या चाकाला जाळी आहे का ते पाहा. नसेल तर या रविवारी तिच्या घरच्यांना विचारून ती बसवून द्या.